बॅटरीवरचा व्हॅक्यूम लिफ्टर: मोठी टाइल, ग्रॅनाइट आणि काच सुरक्षितपणे कशी उचलावी

दोन बाय दोनची टाइल मिस्त्री एकटा उचलून बसवतो. गुजरातच्या मोरबीहून येणाऱ्या १२०० बाय २४०० मिमीच्या टाइलबाबत ते जमत नाही. ९ मिमी जाडीत ती साधारण ६० किलो भरते, आकार आठ फूट बाय चार फूट, आणि धरायला कडांशिवाय जागाच नाही. कडेला धरून टेकवायला गेलं की शेवटच्या क्षणी बोटं कुठून काढायची, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या बऱ्याच साइटवर हल्ली टाइल फिटरच्या पेटीत बॅटरीवरचा व्हॅक्यूम लिफ्टर असतो. ग्रॅनाइटवाले आणि काचवाले तो आधीपासून वापरतात. त्यांच्याकडे हाती धरायचा असतो, तसाच क्रेनला टांगायचा मोठाही असतो.

वापरायला यंत्र सोपं आहे, आणि धोका त्या सोपेपणातच आहे. बटण दाबलं, मोटर घरघरली, आकडा चढला की माणूस निर्धास्त होतो. हे यंत्र फक्त पकड देतं. उचलायची ताकद तुमच्या कमरेची किंवा क्रेनची, आणि ती पकड किती टिकेल हे रबर, पृष्ठभाग आणि बॅटरी मिळून ठरवतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

यंत्र काय करतं

हाती धरायच्या लिफ्टरमध्ये खाली सात-आठ इंचांचा गोल पॅड, वर हँडल, मध्ये छोटा पंप, बॅटरी आणि गेज, म्हणजे दाब दाखवणारं मीटर असतं. पंप पॅडखालची हवा काढतो आणि बाहेरची हवा पॅडला टाइलवर दाबून धरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून किंचित जास्त. आतली सगळी हवा निघत नाही. चांगलं यंत्र गेजवर उणे ६० किलोपास्कलच्या (बाहेरच्या दाबापेक्षा ६० ने कमी) आसपास पोहोचतं, तिथे पंप थांबतो, आणि गळतीने आकडा ठरावीक पातळीखाली आला की आपोआप पुन्हा सुरू होतो. काही गेजवर ‘केपीए’ (किलोपास्कल) लिहिलेलं असतं, काहींवर बार, तर अमेरिकी यंत्रांवर पाऱ्याचे इंच. उणे ६० किलोपास्कल म्हणजे उणे ०.६ बार, म्हणजे जवळपास १८ इंच पारा. आपल्या यंत्राचं एकक कोणतं हे प्रत्येक हाताळणाऱ्याला माहीत हवं, नाहीतर ‘अठरा दाखवतंय, कमी आहे’ असले घोळ होतात.

महाबळेश्वरला बंगल्याचं काम घेतलंत तर एक गोष्ट लक्षात ठेवा. साधारण १३५० मीटर उंचीवर हवेचा दाब ८६ किलोपास्कलपर्यंत उतरतो, त्यामुळे पंपाला उणे ६० गाठायला जास्त वेळ लागतो आणि थकलेला पंप तिथवर पोहोचतच नाही. पण गेजने उणे ६० दाखवलं तर पकड मुंबईत मिळते तेवढीच मिळते, कारण गेज आतला आणि बाहेरचा फरकच मोजतं. पुण्यात (सुमारे ९५ किलोपास्कल) हा फरक जाणवण्याइतका नसतो.

स्टिकरवरचा आकडा

खोक्यावर ‘१५० किलो’, ‘२०० किलो’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा कुठून येतो ते एकदा हिशोब करून पाहा, म्हणजे पुढे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पॅडच्या रबरी ओठाच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या कडेच्या, आतला व्यास १८ सेंटिमीटर धरू. क्षेत्रफळ २५४ चौरस सेंटिमीटर. उणे ६० किलोपास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.६१ किलो. गुणाकार केला की सुमारे १५५ किलो. हाच तो स्टिकरवरचा आकडा, आणि हा आकडा पॅड सुटण्याचा आहे. गुळगुळीत काचेवर, नव्या रबराने, बरोबर मधोमध सरळ वर ओढलं तर एवढ्या ओढीला तो निसटेल.

कामाचा भार याच्या निम्म्याहून जास्त धरू नये. निम्मं म्हणजे ७७ किलो, आणि तेही टाइल आडवी असताना. टाइल उभी केली की गणित बदलतं. आता वजन पॅडला सरळ ओढत नाही, घसरवत असतं, आणि त्याला अडवतं ते फक्त रबराचं घर्षण. कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर घर्षणाचा गुणांक अर्धा धरला तर ७७ चे ३८ होतात. ओल्या टाइलवर, पॉलिशच्या पावडरवर किंवा तेलकट काचेवर त्याहूनही कमी. म्हणजे ‘दीडशे किलो’वालं यंत्र भिंतीला टाइल लावताना चाळीस किलोसुद्धा भरवशाने धरत नाही. एका हँडलने ६० किलोची टाइल भिंतीला उभी लावणारे मी पाहिले आहेत. बहुतेक वेळा ते निभावतं, म्हणूनच ती सवय जात नाही.

फोमच्या पॅडने खडबडीत दगड धरला आणि गेज उणे ३० वरच अडलं, तर वरचे सगळे आकडे आणखी निम्मे करा.

आता दुसरी बाजू. समजा पकड पुरेशी आहे. तरी बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा ५५ किलो ठरवली होती, प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो. लिफ्टर २०० किलोचा असला तरी माणूस २०० किलोचा होत नाही. आठ बाय चारच्या टाइलला दोन लिफ्टर आणि दोन माणसं हा किमान हिशोब आहे. जिन्यातून न्यायची असेल तर चार हँडलची अॅल्युमिनियम फ्रेम आणि चार माणसं.

वजन आधी काढा

अंदाजाने ‘पन्नासेक किलो असेल’ म्हणण्यापेक्षा कागदावर दोन मिनिटांत वजन निघतं. काच: दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. म्हणजे १२ मिमी टफन (तापवून मजबूत केलेली) काच ३० किलो प्रति चौरस मीटर, आणि १२०० बाय २४०० चं पॅनेल सुमारे ८६ किलो. ग्रॅनाइट: २० मिमी जाडीला साधारण ५४ किलो प्रति चौरस मीटर, त्यामुळे १० फूट बाय ५ फूट स्लॅब अडीचशे किलोच्या घरात जाते आणि ते हाताचं काम उरत नाही. ९ मिमी विट्रिफाइड टाइल सुमारे २१ किलो प्रति चौरस मीटर. १५ मिमीची मोठी स्लॅब-टाइल आली की त्याच आठ बाय चारचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं. किचनच्या ओट्यासाठी हल्ली अशा जाड स्लॅब मागवतात, आणि मजुरी मात्र ‘टाइल’ म्हणून ठरवतात.

ओट्याच्या स्लॅबमध्ये सिंकचं भोक आधीच कापलेलं असेल तर गुरुत्वमध्य सरकतो आणि सिंकपुढची पट्टी कमकुवत होते. अशी स्लॅब पॅडवर उचलू नका. खालून लाकडी फळी किंवा फ्रेम देऊन न्या. पॅड टिकेल, पण दगड मोडेल.

पृष्ठभाग: बहुतेक भानगड इथेच

लिफ्टर सुटण्यामागे यंत्र बिघडलेलं असतं असं क्वचित होतं. बहुतेकदा पॅडखाली काहीतरी असतं, किंवा पृष्ठभागच हवा आत सोडतो.

ग्लॉसी विट्रिफाइड, पॉलिश केलेलं ग्रॅनाइट, काच, स्टील आणि सनमायका यांना साधा रबरी ओठ पुरतो. लेदर फिनिश ग्रॅनाइट, फ्लेम्ड ग्रॅनाइट, अँटी-स्किड टाइल, कोटा आणि घासलेली शहाबादी फरशी यांना जाड फोमची सील असलेला पॅड लागतो, कारण फोम बारीक खड्ड्यांत दबून बसतो. तरीही थोडी हवा आत येत राहते, पंप सारखा चालतो आणि बॅटरी लवकर उतरते. न घासलेली शहाबादी थराथराने सुटते. पॅड पकडतो तो वरचा पापुद्रा, आणि उचलल्यावर पापुद्रा पॅडला चिकटून राहतो, फरशी खाली. जांभा आणि सच्छिद्र वालुकाश्म यांच्या बाबतीत तर विचारच करू नका. हवा दगडातूनच येते, पंप कितीही चालला तरी.

टाइलवर लांब खोल खाच असेल आणि ती पॅडच्या ओठाखालून जात असेल, तर फोमनेही भागत नाही. पॅड फिरवा किंवा जागा बदला. लाकडी फिनिशच्या टाइलमध्ये रेषा एकाच दिशेने जातात, तिथे गोल पॅडला वाट सापडणं अवघड. मागची बाजूही पाहून घ्या. बऱ्याच ग्रॅनाइट स्लॅबच्या पाठीला जाळी आणि रेझिन लावलेलं असतं. त्या बाजूला पॅड लावला तर जाळीतून हवा येते, नाहीतर जाळीच सुटते. नव्या काचेवर आणि काही टाइलवर प्लास्टिकची फिल्म असते. तिच्यावर पॅड लावायचा नाही. पॅडच्या जागेपुरती फिल्म काढा.

कटिंगचं पांढरं गाळपाणी सगळ्यात वाईट. वाळलं की ते पॅडखाली पावडर होऊन बसतं आणि ओलं असेल तर पंपात ओढलं जातं. पॅड लावायची जागा आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. ओली टाइल उचलणं अगदीच अटळ असेल तर पंपाला पाणी चालतं का ते पुस्तिकेत पाहा. बहुतेक छोट्या डायफ्राम पंपांना (हलणाऱ्या लवचीक पडद्याने हवा ओढणाऱ्या) चालत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उन्हात ठेवलेल्या काळ्या ग्रॅनाइटला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर रबरही तिथे नीट वागणार नाही, आधी सावलीत गार होऊ द्या.

पांढऱ्या संगमरवरावर काळं रबर वर्तुळाचा डाग सोडतं. डाग न सोडणारं रबर वेगळं मिळतं, तेच घ्या. डाग टाळायला मध्ये कागद किंवा प्लास्टिक घालू नका.

एकावर एक रचलेल्या काचांत किंवा टाइलमध्ये पाण्याचा पातळ थर असेल तर खालची वरचीला चिकटून येते आणि चार पावलांवर सुटून पडते. वरची उचलण्याआधी कडेला लाकडी पाचर सरकवून दोन्हींत हवा जाऊ द्या.

सकाळची तपासणी

कामाला लागण्याआधी पाच मिनिटं द्या. पॅड उलटा करून ओठावर बोट फिरवा. चीर, कडक झालेला भाग, अडकलेला खडा बोटाला लगेच कळतो, डोळ्याला नाही. हवेत धरलेल्या यंत्राच्या गेजवर शून्य दिसलं पाहिजे. शून्याला नसलेलं गेज पुढे काहीही दाखवलं तरी खोटं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, ‘दोन काड्या आहेत, चालेल’ नको. हँडलचे बोल्ट आणि क्रेनचा लिफ्टर असेल तर हूक, शॅकल (जोडकडी) आणि पट्टा तपासा.

मग यंत्र एका स्वच्छ काचेवर किंवा पॉलिश ग्रॅनाइटच्या तुकड्यावर लावा, पूर्ण आकडा येऊ द्या, पंप थांबला की मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा. एवढ्या वेळात १० किलोपास्कलपेक्षा जास्त उतरलं तर यंत्र त्या दिवशी वजनाला लावायचं नाही. क्रेनचे लिफ्टर बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्या हीच मोजपट्टी वापरतात आणि हाती यंत्रालाही ती योग्य आहे. ज्या यंत्रात पंप बंद ठेवता येत नाही, तिथे पंप किती मिनिटांनी पुन्हा सुरू होतो ते मोजा. काचेवर मिनिटाला दोनदा सुरू होत असेल तर कुठेतरी गळतंय. ही चाचणी चहाच्या आधी लावून ठेवली की वेळ वाया जात नाही.

अंगावर काय घालायचं याची यादी लांबवत नाही. टोकाला स्टीलची टोपी असलेले बूट, रबरी कोटिंगचे हातमोजे, काचेसाठी मनगट झाकणाऱ्या कापरोधक बाह्या. चपलेवर काच उचलणाऱ्याला साइटवर घेऊ नये.

उचलायचा क्रम

१. आधी वाट मोकळी करा. वायर, बादली, अॅडहेसिव्हची गोणी, उंबरठा. टाइल हातात आल्यावर पायाखालचं दिसत नाही. ती कुठे टेकवायची ती जागा आणि तिच्याखालचे लाकडी ठोकळे आधीच ठेवा.

२. दोन लिफ्टर असतील तर मध्यापासून सारख्या अंतरावर लावा, टोकांपासून साधारण पाव लांबीवर. मधोमध जवळजवळ लावले की लांब टाइल दोन्ही बाजूंना वाकते, आणि ६ मिमीची पातळ टाइल वाकली की पॅडची कड सोलल्यासारखी सुटते. पातळ मोठ्या टाइलला चार-सहा पॅडची फ्रेमच हवी. पॅड कडेबाहेर किंवा भोकावर येता कामा नये.

३. दोन्ही हातांनी पॅड दाबून पंप सुरू करा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ओठ बसला नाही तर मोटरचा आवाज मोठा राहतो, आकडा सरकत नाही. थांबवा, पुसा, जागा बदला. जोर लावून दाबून धरल्याने येणारा आकडा हात काढला की जातो.

४. पूर्ण आकडा आल्यावर दहा सेकंद गेजकडे बघत उभे राहा. मोटरच्या आवाजावरून काही ठरवू नका. पंप चांगला आणि पॅड फाटलेला असला तरी आवाज छान येतो.

५. दोन-तीन सेंटिमीटर उचला, फळीवर तोलून धरा, पुन्हा गेज बघा. आकडा हलला नाही तर चला.

६. चालताना भार जमिनीपासून कमीत कमी उंचीवर ठेवा. कुणीही त्याच्याखाली हात-पाय घालायचा नाही, अगदी टाइल बसवताना स्पेसर सरकवायलासुद्धा. ओढ नेहमी पॅडच्या मधोमध हवी. एका बाजूने उचकटल्यासारखं ओढलं तर दीडशे किलोचा पॅडही थोड्या जोरात सुटतो.

७. टाइल अॅडहेसिव्हवर किंवा ठोकळ्यांवर पूर्ण टेकल्यावरच सोडायचं बटण दाबा, गेज शून्यावर येईपर्यंत धरून ठेवा. पट्टीने किंवा पेचकसाने पॅड उचकटू नका, ओठाला चिरा तिथूनच पडतात. उभी टाइल किंवा काच क्लिप, बीडिंग किंवा दुसऱ्या माणसाच्या हाताने पक्की धरली गेल्याशिवाय सोडायची नाही.

बोलायचे शब्द आधी ठरवा: ‘घे’, ‘थांब’, ‘टेक’, ‘सोड’. आज्ञा एकाच माणसाने द्यायची. वरच्या मजल्यावर बाल्कनीकडून काच बसवताना तर काचेला वेगळा सुरक्षा पट्टा बांधलेला हवाच. पॅड सुटला तरी ती रस्त्यावर पडू नये.

आणखी एक गल्लत बाजारात दिसते. टाइल ठोकून समतल करायचे बॅटरी वायब्रेटर मिळतात, त्यांच्याही खाली सक्शन कप असतो. तो टाइलवर यंत्र टिकून राहावं म्हणून आहे. त्याच्या हँडलने टाइल उचलू नका.

बझर वाजला किंवा लाल दिवा लागला तर

पळू नका, बटणांशी खेळू नका. भार हळू आणि सरळ खाली टेकवा, मिळेल त्या जागेवर. बंद करून परत चालू केल्याने पकड येईल असं वाटतं, पण काही यंत्रांत बंद करताच हवा आत सुटते. घसरू लागलेली काच हाताने अडवायला जाऊ नका. साधी काच पडताना धारदार मोठे तुकडे करते, आणि टफन काच कोपऱ्याला लागली की एकदम चुरा होतो. दोन्ही बाबतीत मागे सरकणारा माणूस शहाणा.

वीज गेल्यावर किंवा बॅटरी संपल्यावर चांगल्या यंत्राने भार काही काळ धरून ठेवायला हवा. युरोपचं ईएन १३१५५ हे मानक त्यासाठी पाच मिनिटांची अपेक्षा ठेवतं. स्वस्त हाती यंत्रात आत साधा एकमार्गी व्हॉल्व्ह तरी आहे का, हे दुकानातच विचारा.

क्रेनला टांगायचा लिफ्टर

चार, सहा किंवा आठ पॅड, १२ व्होल्टची बॅटरी, काच आडवी-उभी करायची आणि फिरवायची सोय. इथे पकड दोन वेगळ्या सर्किटमध्ये वाटलेली असावी, म्हणजे एका सर्किटची नळी फुटली तरी दुसऱ्याने भार धरून ठेवला पाहिजे. प्रत्येक सर्किटचं गेज वेगळं असतं, आणि दोन्ही हिरव्या पट्ट्यात आल्याशिवाय उचल नाही. छोट्या काचेसाठी चार पॅडचे व्हॉल्व्ह बंद केले तर क्षमता त्याच प्रमाणात घटली, हे ऑपरेटरला लक्षात ठेवावं लागतं. यंत्राच्या पाटीवरचा आकडा सगळे पॅड चालू असतानाचा असतो.

वारा हा इथला खरा शत्रू. ताशी ३६ किलोमीटरचा वारा चार चौरस मीटरच्या काचेवर सुमारे २५ किलोचा आडवा धक्का देतो, आणि ती क्रेनच्या दोरीला लोंबकळत असते. मान्सूनआधीच्या दिवसांत मुंबईत संध्याकाळी वाऱ्याचा झोत कसा अचानक येतो ते सगळ्यांना माहीत आहे. अशा दिवसांत काचेचं काम सकाळी उरका. काचेच्या दोन्ही टोकांना दोर बांधून दोन माणसं बाजूला उभी करा, खाली कुणी नको. दगडाच्या गोदामात स्टँडवरून एक स्लॅब काढताना उरलेल्या स्लॅब कोणत्या बाजूला कलतील हेही आधी बघा. पडण्याच्या बाजूला उभं राहू नका. दगडाच्या धंद्यात मोठे अपघात पॅड सुटण्यापेक्षा स्टँड कलंडण्याने जास्त होतात, असं माझं मत आहे.

कारखान्यात हा लिफ्टर वापरत असाल तर उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्या आणि तिची नोंद ठेवा; २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्ये ही तपासणी १२ महिन्यांतून किमान एकदा बंधनकारक होती. क्रेनसोबत तिच्याखाली टांगलेलं हे साधनही दाखवा. बऱ्याच ठिकाणी क्रेनचंच प्रमाणपत्र असतं.

देखभाल: आधी रबर, मग फिल्टर

रोज संध्याकाळी पॅड साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडा करा, आणि पुसताना पाणी मधल्या भोकात जाऊ देऊ नका. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन रबर खातात. चकाकी आणणारे सिलिकॉन स्प्रे त्याहून धोकादायक, कारण रबर छान दिसतं आणि घसरतं. पॅडवर झाकण लावून यंत्र खोक्यात ठेवा. पॅड जमिनीला टेकवून उभं ठेवलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी बाकदार ओठ घेऊन उठतं. ऊन आणि गाडीच्या डॅशबोर्डची उष्णता रबर कडक करते. ओठाला नख लावलं आणि खूण तशीच राहिली, किंवा बारीक भेगा दिसल्या, तर पॅड बदला. फोमची सील दबलेली राहिली, परत फुगली नाही, तीही बदला. फोम खपणारी वस्तूच आहे, एक जादा सील पेटीत असू द्या.

पॅडच्या मध्यभागी किंवा नळीवर छोटा फिल्टर असतो. टाइलच्या साइटवर तो आठवड्यात पांढरा होतो. झटका, हवेने फुंका, पुस्तिकेत परवानगी असेल तर धुऊन वाळवा. फिल्टर काढून ‘आता जास्त ओढतोय’ म्हणणारे भेटतात. तो धूळ ओढतोय, आणि ती डायफ्राममध्ये जाऊन बसणार.

बॅटरी

हाती यंत्रात लिथियम-आयन बॅटरी असते. ती शून्य ते ४५ अंश तापमानात चार्ज करायची. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, तासभर सावलीत ठेवा. पूर्ण संपवण्याची गरज नाही, उलट वारंवार संपवल्याने ती लवकर जाते. पावसाळ्यात काम बंद असेल तर निम्मी भरलेली अवस्था ठेवून कोरड्या जागी ठेवा. चार्जर त्याच यंत्राचा हवा. पिन बसते म्हणून दुसरा लावायचा नाही. फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी वापरायचीही नाही आणि चार्जही करायची नाही. कोकणात पावसाळ्यात चार्जिंग पॉइंटवर हिरवा गंज चढतो, कोरड्या ब्रशने साफ करा.

मोठ्या लिफ्टरमधल्या १२ व्होल्ट सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं उलटं आहे. तिला नेहमी पूर्ण भरलेलं राहायला आवडतं. तास-दोन तास विश्रांतीनंतर मीटरवर १२.७ च्या आसपास आलं तर ती भरलेली, १२ ला आली तर जवळजवळ रिकामी. रिकामी ठेवून महिने काढले तर ती पुन्हा उठत नाही. काम नसतानाही महिन्या-दोन महिन्यांनी चार्जिंगला लावा.

गळती शोधायची कशी

सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून सापडतं. इथे तसं होत नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते, आणि साबणाचं पाणी लावलं तर तेही पंपात ओढलं जातं. म्हणून वेगळ्या क्रमाने जा.

स्वच्छ काचेवर आकडा टिकतो, पण टाइलवर उतरतो: दोष टाइलचा, पॅड किंवा जागा बदला. काचेवरही उतरतो: पॅड बदलून बघा. फरक पडला तर पॅड. नाही पडला तर नळी पॅडपाशी चिमटून पंप चालवा. आकडा टिकला तर गळती पॅडच्या जोडात, नाही टिकला तर पंपाकडे. असं एकेक भाग बाजूला काढत गेलात की दोष हाती लागतो. नळ्या वळणाच्या जागी चिरतात, तिथे आधी बघा. सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये एक खडा अडकला तरी पूर्ण आकडा येत नाही.

मोटर चालते पण आकडा मुळीच येत नाही: आधी फिल्टर, मग सोडायचं बटण अर्धवट अडकलंय का, मग पंपाचा डायफ्राम. डायफ्राम फाटलेला असेल तर बदलायला कंपनीचं किट घ्या. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावलेला डायफ्राम दोन दिवस चालतो, पण तिसऱ्या दिवशी कोणाच्या डोक्यावर काय असेल ते सांगता येत नाही.

नवीन यंत्र घेताना किमतीपेक्षा तीन गोष्टी विचारा: पॅडची सील सुटी मिळते का, धोक्याची पातळी आल्यावर आवाज आणि दिवा दोन्ही आहेत का, आणि गेज हातात भार असताना डोळ्यांसमोर दिसतं का. काही यंत्रांत ते हँडलखाली लपलेलं असतं, तसलं घेऊ नका. जुनं यंत्र घेत असाल तर दुकानातल्या काचेच्या काउंटरवर दहा मिनिटांची चाचणी विक्रेत्यासमोरच करा.

संपलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा जिथून घेतली त्या विक्रेत्याकडे द्या. देण्याआधी टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पेटीतल्या स्क्रूंना लागून शॉर्ट होणार नाही.